रंग मंदा पाहायची

मला हिरवा आणि तपकिरी हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. गडद लालाशेजारी गडद हिरवा ठेवला तर कोणता कोणता ते मी अंदाजाने सांगतो, आणि अंदाज बहुधा चुकतो. फिक्या रंगछटाही माझ्या नजरेतून निसटतात. जन्मापासून हे असंच आहे. अशा माणसाने लाखनीत महामार्गाला लागून दुकान टाकलं आणि कित्येक वर्षं खेळाडूंच्या रंगीत जर्सी छापण्यात घालवली, हे आता कोणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून हसू आवरतो. परवापरवापर्यंत ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. मला आणि मंदाला.

मंदा माझी बायको. दुकानात कपडा मी पाहायचो, रंग ती पाहायची.

मला स्वतःला हे कळलं ते रेल्वेच्या भरतीत. लेखी परीक्षा पास झालो, धावलो, छाती भरली. मग डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं आणि म्हणाले, यात आकडा कोणता लिहिलाय ते वाचा. मला नुसते ठिपके दिसले. आकडा काही दिसेना. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. घरी मी वजन कमी भरलं असं सांगितलं. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा वाळका म्हणवून घेणं बरं वाटलं.

पुढे भंडाऱ्याला एका कापड दुकानात लागलो. मोठ्या रस्त्यावरचं दुकान, गिऱ्हाईक सतत. रंग सांगायची वेळ आली की मी थान उलगडून गिऱ्हाइकापुढे टाकायचो आणि म्हणायचो, तुम्हीच पाहा, तुम्हाला काय शोभते ते तुम्हालाच समजते. लोकांना तो नम्रपणा वाटायचा. पण कापड मात्र हाताला कळायला लागलं. डोळे मिटून अंगठा आणि बोट यांच्यात फिरवलं की सूत किती, पॉलिस्टर किती, धुतल्यावर आटेल की नाही, हे सांगू शकायचो.

मंदा पवनीची. तिच्या वडिलांकडे विणकरांसाठी सूत रंगवायचं काम होतं. लहानपणी ती कढईतल्या लडी काठीने वर काढून वाळत घालायची. वाळल्यावर रंग किती उतरेल हे ओल्या लडीकडे पाहून सांगायची. लग्नानंतर पहिल्या सणाला मी दुकानातून तिच्यासाठी एक साडी आणली.

"कोनता रंग आनला जी?" तिने विचारलं.

"हिरवा. तुझ्या चुड्याले शोभन म्हटलं."

ती आत गेली, चुड्यातली एक बांगडी काढून आणली, बाजूला लाखेची एक बांगडी ठेवली, आणि म्हणाली, "यातली हिरवी कोनती?" मी एक उचलली. तिने आणखी दोन आणल्या. मग आणखी दोन. शेवटी ती जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. साडी मातकट तपकिरी होती म्हणे. हसून झाल्यावर तिने बांगड्या परत हातात चढवल्या आणि म्हणाली, "कोनाले सांगू नोका. मीबी नाही सांगत." ती साडी तिने विरेपर्यंत नेसली.

जर्सीचं काम आम्ही सुरू केलं तेव्हा दोघंही तरुण राहिलो नव्हतो. मुलगी शिकून नागपूरला नोकरीला लागली होती. आमच्या भागात धान घरात आलं की मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात, गावोगावी नाटकं होतात आणि रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वावरांत, कबड्डी-क्रिकेटचे सामने लागतात. पूर्वी पोरं बनियनवर खेळायची. मग टीव्हीवर पाहून प्रत्येक गावाला आपली जर्सी पाहिजे झाली, मागे नाव आणि नंबर असलेली. जर्सी नागपूरहून येत आणि येईस्तोवर सामने संपत. मी मंदाला म्हटलं, कपडा मला समजतो, रंग तुला समजतो, मशीन तेवढं घेऊ.

आता हे काम काय असतं ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की टी-शर्टवर ठप्पा मारायचा आणि झालं. सब्लिमेशनची छपाई आधी कागदावर होते, आणि ती उलटी होते, आरशातल्यासारखी. कागदावरचा रंग मेल्यासारखा दिसतो, धुरकट. तो कागद कापडावर पालथा घालायचा आणि तापलेल्या प्रेसखाली दाबायचा. इतक्या उष्णतेने शाई पातळ न होता सरळ वाफ होते. त्याच उष्णतेने पॉलिस्टरचा धागा जणू तोंड उघडतो आणि ती वाफ आत घेतो. प्रेस उचलला, कापड निवलं, की धाग्याचं तोंड मिटलं. रंग आत राहिला. तो कापडावर बसलेला नसतो, कापडात असतो. नखाने खरवडा, वर्षभर धुवा, जात नाही. प्रेस उचलून कागद सोलला की खाली रंग असा उमलून येतो की पाहणारा म्हणतो, अरे वा. मला त्यातलं निम्मंच दिसायचं. मी मंदाच्या तोंडाकडे पाहायचो. तिचं तोंड खुललं की रंग बरोबर.

कापूस मात्र ही वाफ घेत नाही. सुती कापडावर छापलं तर पहिल्या दिवशी छान दिसतं, दोन-चार धुण्यांत भूत होतं. व्यापारी शंभर टक्के पॉली सांगून मिसळीचं थान गळ्यात मारतात, म्हणून मी थानाचा एक धागा ओढून काडी लावायचो. सूत असेल तर कागदासारखं जळतं आणि राख होते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतं. कबड्डीला जाड, घट्ट विणीचा कपडा लागतो, कारण तिथे ओढाताण असते. क्रिकेटला बारीक भोकांचा, हवा खेळणारा. एका विणीचं नाव राईस निट. तांदळाच्या दाण्यासारखी तिची वीण. धानाच्या मुलखातली पोरं हे नाव ऐकलं की तोच कपडा मागायची, मग खेळ कोणताही असो.

पांढरी शाई या धंद्यात नसते. पांढरा तो कपड्याचाच. त्यामुळे काळ्या कापडावर काही छापता येत नाही, हे समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

शाया चार. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. जगातले सगळे रंग या चारांतून करायचे. प्रत्येक रंगाला कंप्युटरमध्ये आकडे असतात, कोणती शाई किती टक्के. पण आकडे म्हणजे रंग नव्हे. मंदा म्हणायची, भाजीत मीठ चमचाभर लिहिलं तरी मीठ कोणत्या दुकानचं ते पाहावं लागते. तिने पांढऱ्या कापडाच्या एका लांब पट्टीवर आमच्याकडे होणारे सगळे रंग चौकोन चौकोन छापले होते आणि प्रत्येकाखाली पेनाने नाव घातलं होतं. मेंदी, मोरपंखी अशी बाजारातली नावं तिला चालत नसत. तिची नावं होती पऱ्हे, म्हणजे रोवणीआधीच्या धानाच्या रोपांचा हिरवा. पळस. मोहफूल. भादव्यातला तलाव. ही पट्टी भिंतीवर टांगलेली असायची. गिऱ्हाईक बोट ठेवायचं, मी नाव वाचायचो.

एकदा पवनीची पोरं आली. त्यांना वैनगंगेच्या रंगाची जर्सी पाहिजे होती. एकाने निळ्यावर बोट ठेवलं. दुसरा म्हणाला, आपली नदी निळी कधी असते, मातीसारखी असते. तिसरा म्हणाला, हिरवट. भांडण इतकं वाढलं की शेजारचा चहावाला पाहायला आला. मंदा आतून शिवण सोडून बाहेर आली आणि म्हणाली, "मले येवढंच सांगा, कोन्या महिन्यातली नदी पाह्यजे?" मग त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "माघातली." तिने तो रंग करून दिला. ती पवनीचीच असल्यामुळे तिला माघातली नदी ठाऊक होती.

सिंधूबाई आल्या तो दिवस मला पक्का आठवतो. लाखनीजवळच्याच एका खेड्यातल्या, धानाची थोडी शेती. त्यांचा एकुलता मुलगा, नितीन, महामार्गावर ट्रकखाली गेला होता. तो चांगला चढाईपटू होता. त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने सामने ठेवले आणि सगळ्यांच्या जर्सीवर छातीशी त्याचा फोटो पाहिजे म्हणून ऑर्डर दिली. ती तयार व्हायच्या आधी सिंधूबाई एकट्याच दुकानात आल्या. पिशवीतून एक पांढरा शर्ट काढला. धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेला.

"हा त्याचा हाये, भाऊ," त्या म्हणाल्या. "लग्नकार्यात घालाचा. याच्यावर त्याचा फोटू काढून द्या."

मी शर्ट हातात घेतला आणि बोटांना लगेच कळलं. शुद्ध सुती. धागा ओढून जाळायची गरज नव्हती, आणि असती तरी मी त्या शर्टाचा धागा ओढला नसता. छापून दिला असता तर त्या दिवशी त्यांचं समाधान झालं असतं. मी मंदाकडे पाहिलं.

मंदाने त्यांना खुर्चीवर बसवलं, आपण खाली बसली. "माय, खरं सांगू का. हा कपडा रंग धरत नाही. आज चेहरा येईल. पन दोन-चारदा धुतला का पुसट होईल, मंग दिसनारच नाही."

सिंधूबाईंनी शर्ट परत घेतला. मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला.

"मंग नोको," त्या म्हणाल्या. "एकडाव गेला तो. आता पुना पुना कायले जाऊ देऊ?"

मग मंदा उठली आणि त्यांना आत घेऊन गेली. म्हणाली, पोरांच्या जर्सीवर नितीनचा जो फोटो छापायचा आहे तो तुम्ही आधी पाहा. फोटो गावातल्या स्टुडिओतला होता. मी तो छापून, दाबून, पुढे ठेवला. मला तो ठीक वाटला. डोळे, नाक, मिशी, सगळं जागेवर.

"हा कोन हाये?" सिंधूबाई म्हणाल्या. "माहा पोट्टा असा गोरा नव्हता."

स्टुडिओवाल्याने सवयीप्रमाणे उजळ करून ठेवला होता. मंदाने त्यांना कंप्युटरशेजारी बसवलं आणि दोघी कामाला लागल्या. मी छापत गेलो, दाबत गेलो, तुकडे त्यांच्यापुढे ठेवत गेलो. "अजून सावळा." "नाही जी, हा तं आजाऱ्यासारखा दिसून राह्यला." "गालावर ऊन लागलं का तो असा तांबूस व्हायचा, धान कापताना." मंदा गुलाबी जराशी वाढवायची, पिवळी कमी करायची. माझ्यासाठी ते सगळे तुकडे सारखे होते. एकाच मुलाचा चेहरा मी पुन्हा पुन्हा छापत होतो आणि त्या दोघींना दर वेळी दुसरा कोणी दिसत होता. अखेर एका तुकड्यावर सिंधूबाईंनी हात ठेवला. पदर तोंडात धरला आणि मान हलवली. मंदाही रडत होती. मी प्रेस बंद केला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. मला वाटलं, या कामात जे खरं आहे ते त्या खोलीत आहे, आणि मी दाराबाहेर.

तोच चेहरा आम्ही चांगल्या कपड्यावर पुन्हा छापून, कडा दुमडून त्यांना दिला. मग दर वर्षी नितीनच्या सामन्यांची जर्सी ठरवायला पोरांबरोबर सिंधूबाईही यायच्या. मंदासाठी घरचे पोहे आणायच्या. दोघी आत बसून काय बोलत कोण जाणे.

अशाच एका हिवाळ्यात त्या आल्या. काम तुंबलं होतं. मंदा कापलेले तुकडे जुळवत होती. सिंधूबाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "मंदाबाई, तुमचे डोळे काहून येवढे पिवळे?"

मंदाने आधी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यासमोरच होतो. सकाळी तिच्यासोबत चहा प्यालो होतो. आदल्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशीही. मला काहीच दिसलं नव्हतं. आता सांगितल्यावरही, खरं सांगतो, मला फार काही दिसत नव्हतं.

नागपूरला नेलं. पोटात गाठ निघाली, स्वादुपिंडाजवळ. डॉक्टर समजूतदार होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, चार आठवडे आधी आले असते तरी फार फरक पडला नसता, ही गाठ कळते तेव्हा उशीरच झालेला असतो. त्यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवतो. दिवसा ठेवतो.

दवाखान्यात एका दुपारी मी तिला विचारलं, "तुले दिसलं नव्हतं? आरशात?"

"दिसलं न," ती म्हणाली.

ज्या बाईला पोराच्या गालावरचं ऊन शाईत आणता यायचं, तिला स्वतःचे डोळे दिसणार नाहीत असं कसं होईल.

"मंग सांगतलं काहून नाही? सीझन होता म्हनून?"

"सीझन कायचा जी." तिने मान वळवली. "मले भेव वाटलं. माहा बाप असाच पिवळा होऊन गेला होता. घरात दुसरं कोनी असतं तं लपवता आलं नसतं. तुमच्यापासून लपत होतं, मंग लपवलं."

मला राग आला. तिचा आला, माझा आला, त्या ठिपक्यांच्या पुस्तकाचाही आला. ती माझा हात धरून पडून राहिली. मग मला बोलतं करायला म्हणाली, "या भिंतीचा रंग सांगा पाहू."

"हिरवट."

"गुलाबी हाय जी," ती म्हणाली आणि हसली. ते तिचं शेवटचं हसणं नव्हतं, नंतरही ती हसली. पण मला ते लक्षात राहिलं.

पावसाळ्यात, रोवण्या चालू असताना ती गेली. अस्थी आम्ही पवनीला नदीत सोडल्या. मुलगी म्हणाली, बाबा, नागपूरला चला. मी म्हटलं, सीझन काढतो, मग पाहू. खरं म्हणजे दुकानाबाहेर मी कोण हे मला माहीत नव्हतं.

मंदाची पट्टी होती, तिचे आकडे होते. गिऱ्हाइकाने बोट ठेवलेलं नाव पाहायचं, आकडे टाकायचे, छापायचं. डोळ्यांची गरजच नाही असं मी स्वतःला पटवलं, आणि बऱ्यापैकी निभावलंही. मग नागपूरचा आमचा शाईवाला धंदा बंद करून गावी गेला. दुसऱ्याने दुसऱ्या कंपनीची शाई पाठवली. म्हणाला, बिनधास्त वापरा, तेच आकडे चालतात. असं होत नाही हे मला माहीत होतं. नवा डबा उघडला की मंदा आधी सगळे चौकोन नव्याने छापायची, जुन्या पट्टीशेजारी धरून उन्हात न्यायची आणि आकडे बदलायची. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो म्हणायची. मीही चौकोन छापले. जुन्या पट्टीशेजारी धरून उन्हात उभा राहिलो. मला दोन्ही सारखे दिसले.

शेजारच्या चहावाल्याला हाक मारता आली असती. पण कोणाला दाखवायचं म्हणजे का दाखवतो ते सांगायला हवं, आणि ते मी मंदाशिवाय कोणाला कधी सांगितलं नव्हतं. ती नसताना तर तोंडातून निघेना.

बपेऱ्याच्या कबड्डी चमूची ऑर्डर त्या शाईतली पहिली. गाव तुमसर तालुक्याच्या पार टोकाला, मध्य प्रदेशाला लागून. पण चमूचा कप्तान दिलीप याची सासुरवाडी लाखनीची, म्हणून तो सुरुवातीपासून आमच्याकडेच यायचा. तिशीतला शेतकरी, दोन लेकरांचा बाप, मितभाषी. त्याने पट्टीवर पऱ्ह्यांच्या हिरव्यावर बोट ठेवलं. मी कपडा जीव लावून निवडला, जाड, ओढीला टिकेल असा. जर्सी तयार झाल्यावर तो न्यायला आला तेव्हा मी एक उलगडून त्याच्यापुढे धरली.

"रंग पाहून घ्या, दिलीपराव. बरोबर हाय न?"

तो जरा वेळ पाहत राहिला.

"एकदम बरोबर, काकाजी," तो म्हणाला.

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला चहा पाजला.

मंदा दर वर्षी एखाद्या तरी सामन्याला जायची, आपले रंग मैदानात कसे दिसतात ते पाहायला. त्या वर्षी मी एकटाच बपेऱ्याला गेलो. धान कापून झालेल्या बांध्या, मध्ये मैदान आखलेलं, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माणसं बसलेली. मी एका शेंगा विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईशेजारी बसलो. माईकवर एक जण रंगात येऊन बोलत होता.

"अन् हे पाहा, मातकट जर्सीवाले बपेऱ्याचे पोट्टे मैदानात उतरून राह्यले!"

मला वाटलं, गमतीने बोलतो आहे. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मातकट जर्सीवाल्यांना एक गुण. मातकट जर्सीवाला चढाईला. माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मी शेजारच्या बाईला विचारलं, "माय, बपेऱ्याच्या पोट्ट्याईची जर्सी कोन्या रंगाची हाय जी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे अधू असतील असं तिला वाटलं असावं, कारण ती मायेने बोलली. "धान कापल्यावर बांधी कशी दिसते, भाऊ? तश्शी."

सामना बपेऱ्याने जिंकला. पोरं नाचली. दिलीप घामाने निथळत मला शोधत आला आणि पायाला हात लावायला वाकला. मी त्याला धरलं.

"दिलीपराव, तुमी कोनता रंग सांगतला होता?"

तो थबकला. "सोडा न, काकाजी."

"कोनता?"

"पऱ्ह्याईचा."

"मंग मी इचारलं तवा बोल्ला काहून नाही?"

तो गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसत राहिला. "तुमी ते जर्सी अशी दोन्ही हातानं पुढं धरली होती जी. अन् तुमच्या मांगं काकूचा फोटू, हार घातलेला. माह्या तोंडातून शब्दच नाही निंगाला. घरी आल्यावर मी पोट्ट्याईले सांगतलं, काकू गेल्यापासून काकाजीचं चित्त ठिकानावर नाही, कोनी काही बोलाचं नाही. कोनी नाही बोललं."

सबंध चमू महिनाभर चुकीच्या रंगात खेळला होता आणि एकाही पोराने फोन केला नव्हता. माझं चित्त ठिकाणावर होतं. तेच तर त्याला सांगायला हवं होतं. मी त्याला धुऱ्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तक, बांगड्या, पट्टी, मंदाचे डोळे. मंदानंतर मी हे सांगितलेला तो पहिला माणूस. शेवटी त्याने अंगातल्या जर्सीची कड पुढे ओढली, बाजूला धुऱ्यावर उरलेल्या हिरव्या गवताला लावली.

"म्हंजे हे अन् हे तुमाले...?"

"एकच दिसते."

मग कड सोडून तो छातीवरून हात फिरवत म्हणाला, "पन कपडा मस्त हाय जी. आज येवढं ओढलं त्याईनं, कोठंच नाही उसवला."

मी नव्या जर्सी छापून देतो म्हटलं. दुसऱ्याकडून रंग पाहून घेतो म्हटलं. तो ऐकेना. म्हणाला, यातच जिंकलो, आता हीच राहू द्या. मला एसटीपर्यंत सोडायला आला, आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

हाती घेतलेलं काम मी पुरं केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला आता उघड सांगायचो की मला रंग दिसत नाही, उन्हात नेऊन तुम्ही पाहा, चूक असेल तर तोंडावर सांगा. कोणी हसलं, कोणी हळहळलं, एकानेही ऑर्डर परत नेली नाही. तरीही सीझन संपल्यावर मशीन विकलं. लोक सांभाळून घेत होते, आणि सांभाळून घ्यायचं काम त्यांचं नव्हतं. विणीवरून बोट फिरवून कपडा सांगणारा माणूस अजून घरात आहे. पण तो निम्माच कारागीर आहे, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. उरलेला निम्मा किती मोठा होता ते आत्ता कळलं.

अजूनही धान घरात यायला लागलं की फोन येतात. मी दुकान बंद केल्याचं सांगतो आणि भंडाऱ्याच्या एका चांगल्या मुलाचा नंबर देतो. परवा एका गावचा नवा कप्तान म्हणाला, "काकाजी, आमाले यातलं काही समजत नाही. कपडा कसा पाहाचा, रंग कसा पाहाचा, काही तरी सांगा." मी त्याला धागा जाळायचं सांगितलं, विणीत बोट कसं फिरवायचं ते सांगितलं, बरंच बोललो. तो हं हं करत राहिला.

"अन् रंग?" त्याने विचारलं.

"रंग पाहाले एकटे जाऊ नोका," मी म्हटलं. "संगं कोनी तरी घेऊन जा."